बक्षीसपत्रात नसलेला थोरला

वाटणीपत्रे आणि बक्षीसपत्रे लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली की एक सवय जडते. कागद हाती आला की त्यात कोणाची नावे आहेत यापेक्षा कोणाचे नाव नाही, हे डोळे आधी शोधतात. पोलंडचा पहिला ज्ञात राजा मिएश्को याच्याकडे मी वळलो तो याच सवयीमुळे.

इ.स. १०८७ च्या सुमारास देउस्देदित नावाच्या कार्डिनलने चर्चच्या अधिकारांसंबंधीच्या कागदांचा मोठा संग्रह केला. त्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका दानपत्राचा गोषवारा आहे. ‘दागोमे’ नावाचा अधिपती, त्याची पत्नी ओडा आणि त्यांची मुले मिएश्को व लाम्बर्ट यांनी आपले राज्य संत पीटरला, म्हणजे तेव्हाचा पोप पंधरावा जॉन याच्या गादीला, अर्पण केले असे त्यात म्हटले आहे. पुढे चतुःसीमा आहे : समुद्र, प्रशियनांचा मुलूख, रुस, क्राको, ओडर नदी. ‘दागोमे’ म्हणजे मिएश्कोच, यावर अभ्यासकांचे साधारण एकमत आहे. हे नाव नकलेत बिघडले असावे असे काही म्हणतात, तर ते त्याचे दुसरे नाव असावे असे इतरांना वाटते. कागद इ.स. ९९१-९९२ चा धरतात. त्या वेळी मिएश्कोचा थोरला मुलगा बोलेस्लाव पंचविशीत होता. त्याचे नाव या कागदात कुठेच नाही.

का नाही, हे कळायला या घराची हकिकत पाहायला हवी.

मिएश्को ग्नियेझ्नो-पोझ्नानच्या परिसरातल्या पोलान लोकांचा प्रमुख. इ.स. ९६३ च्या सुमारास सॅक्सन बंडखोर सरदार विचमान याने शेजारच्या स्लाव टोळ्यांना हाताशी धरून त्याला दोनदा हरवले आणि त्यात त्याचा एक भाऊ पडला, असे विडुकिंड हा इतिहासकार सांगतो. एकट्याने निभाव लागणार नाही हे ओळखून ९६५ मध्ये त्याने बोहेमियाच्या पहिल्या बोलेस्लावची मुलगी दोब्रावा हिच्याशी लग्न केले. पुढच्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. दोब्रावाने नवऱ्याचे मन वळवण्यासाठी उपासाच्या दिवसांत मुद्दाम मांस खाल्ले, अशी कथा बिशप थीटमार देतो. कथा राहू द्या. लग्नाचे फळ मात्र लगेच दिसले. ९६७ मध्ये विचमान पुन्हा चालून आला तेव्हा सासऱ्याने घोडदळ पाठवले आणि विचमान मारला गेला.

त्याच सुमारास इब्राहिम इब्न याकूब हा स्पेनमधला ज्यू प्रवासी मध्य युरोपात फिरत होता. त्याने लिहिले आहे की मिएश्कोजवळ तीन हजार चिलखती शिपाई असून त्यांचे कपडे, घोडे आणि शस्त्रे तोच पुरवतो. शिपायाच्या घरी मूल जन्मले की मुलगा असो वा मुलगी, त्याला नेमणूक मिळते. ते वयात आले की लग्नाचा खर्चही राजाच करतो. आकड्यात अतिशयोक्ती असू शकते, पण पद्धत बोलकी आहे. मिएश्कोने राज्य एका मोठ्या कुटुंबासारखे चालवले. शिपायांच्या मुलांची काळजी वाहणारा हा बाप स्वतःच्या मुलांपाशी अडला.

दोब्रावा ९७७ मध्ये वारली. त्याआधी ९७२ मध्ये मिएश्को आणि त्याचा भाऊ चिबोर यांनी त्सेदिनियाजवळ जर्मन सरदार होडो याला हरवले होते. त्या लढाईत थीटमारचा बापही होडोच्या बाजूने लढला. तरी पुढच्याच वर्षी छोट्या बोलेस्लावला सम्राटाकडे ओलीस पाठवावे लागले. जर्मनांशी सलोखा हवा होता. म्हणून दोब्रावामागे मिएश्कोने नॉर्थ मार्चचा सरदार डीट्रिख याची मुलगी ओडा हिच्याशी लग्न केले. ती कालबेच्या मठातली जोगीण होती आणि चर्चच्या नियमाने हे लग्न बसत नव्हते. तिला तीन मुलगे झाले.

आता दानपत्राकडे परत येऊ. ९८३ च्या स्लाव उठावानंतर ओडाच्या बापाचा अधिकार गेला आणि ९८५ मध्ये तो मेला. जर्मन गादीवरचा तिसरा ऑटो दहा-अकरा वर्षांचा पोर. माहेरही नाही आणि जर्मन राजाही लहान, अशा स्थितीत कच्च्या वयाच्या सावत्र भावांना मोठ्या भावापासून कोण राखणार? म्हणून रोमचे छत्र. चतुःसीमेत क्राकोचा उल्लेख सीमेवरचे ठिकाण म्हणून येतो. त्यावरून काही इतिहासकार म्हणतात की क्राको बोलेस्लावला आधीच तोडून दिले होते. तसे असेल तर हे थोरल्याला बेदखल करणे नव्हे, ही वाटणीच. माझा कल याच मताकडे आहे. सगळे एकालाच द्यायचे असते तर एवढ्या काळजीने हद्दी लिहिण्याचे कारण नव्हते.

पण कागद कागदाच्या जागी राहिला. २५ मे ९९२ रोजी मिएश्को वारला. राज्य अनेकांत वाटले गेले होते. बोलेस्लावने सावत्र आई आणि भावांना हाकलून, दोघा आप्तांचे डोळे काढून ते पुन्हा एक केले, असे थीटमार सांगतो. हाच बोलेस्लाव १०२५ मध्ये पोलंडचा पहिला अभिषिक्त राजा झाला. पोलंड एकसंध राहिला तो बापाची इच्छा मोडल्यामुळे, हे मान्य करणे जड जाते, पण घडले तसेच. मोडलेल्या कागदाची किंमत मात्र ओडाने आणि तिच्या मुलांनी मोजली.

गोषवारा लिहिणाऱ्याने स्वतःची एक टीप जोडली आहे. ही माणसे कोणत्या जातीची ते ठाऊक नाही, बहुधा सार्डिनियाची असावीत, असा तिचा आशय. ज्या कागदावर एका बापाने धाकट्यांचे भवितव्य सोपवले, तो शंभर वर्षांत इतका अनोळखी झाला. दस्त जपून ठेवला जातो, पण तो पाळला जाईलच असे नाही. हे मला माझ्या धंद्याने शिकवले होते. मिएश्कोने ते पुन्हा एकदा पटवून दिले.