विनयपिटकातील 'पणामना' : शिष्याची हकालपट्टी आणि आचार्याचे उत्तरदायित्व

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात 'शिस्त' या मथळ्याखाली एक पान असते. वर्गातील गैरवर्तन, परीक्षेतील कॉपी, आवारातील मारामारी असे दोष तेथे क्रमाने दिलेले असतात आणि त्यांपुढे ताकीद, दंड, निलंबन व सरतेशेवटी 'टी.सी. हाती देणे' अशा शिक्षा. हे पान एरवी कोणी वाचत नाही; प्रसंग ओढवला म्हणजे ते उघडले जाते. शिक्षा भोगून झाल्यावर विद्यार्थ्याने परत कसे यावे आणि त्याला परत घेण्याचे बंधन कोणावर आहे, याविषयी मात्र त्या पानावर सहसा एक ओळही नसते. विनयपिटक सर्वाधिक विस्ताराने बोलते ते नेमके याच विषयावर. म्हणून विनयातील 'पणामना', म्हणजे शिष्याला घालवून देणे, या विधानाचा इतिहास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि वैनगंगेच्या काठी मौर्य-सातवाहन काळात एक भव्य स्तूप उभा होता हे सिद्ध झाले. स्तूप होता म्हणजे त्याच्या आश्रयाने राहणारा संघ होता, आणि संघ होता म्हणजे तेथे शिकविणारे व शिकणारे होते. सांची किंवा कुडे येथील दानलेखांत 'अंतेवासी', 'अंतेवासिनी' हे शब्द येतात. दान देणारा भिक्खू आपल्या नावासोबत आपण कोणाचा शिष्य आहोत हे दगडावर कोरून ठेवतो. गुरूचे नाव हीच त्याची ओळख होती. अशा व्यवस्थेत गुरूने शिष्याला घालवून देणे म्हणजे त्याची ओळखच काढून घेणे होते. विनयाने या अधिकाराला इतकी कुंपणे का घातली, ते यावरून समजेल.

प्रथम क्रम पाहावा. महावग्गाच्या पहिल्या खंधकात असे वर्णन आहे की, आरंभीच्या काळात नवदीक्षित भिक्खूंना मार्गदर्शन करणारा कोणी नव्हता. ते अंगावरची वस्त्रे नीट न घेता भिक्षेस जात, लोक जेवीत असता त्यांच्या अन्नावर पात्र पुढे करीत, वरण-भात स्वतःच मागून घेत आणि भोजनगृहात गोंगाट करीत. लोकांनी नावे ठेवली. आजच्या भाषेत ही विद्यार्थ्यांची बेशिस्तच होय. यावर तथागतांनी कोणती शिक्षा ठरविली? शिक्षा ठरविली नाही. 'उपज्झाय' म्हणजे उपाध्याय ही संस्था निर्माण केली. बेशिस्तीचे कारण त्यांनी गुरूच्या अभावात पाहिले. शिक्षेचा विचार त्यानंतर आला, आणि तोही गुरुशिष्यांची परस्पर कर्तव्ये सविस्तर सांगून झाल्यावर.

ही कर्तव्ये दुहेरी आहेत. उपाध्यायाने सद्धिविहारिकाला, म्हणजे आपल्यासोबत राहणाऱ्या शिष्याला, पुत्रवत् मानावे व शिष्याने त्याला पितृवत्. शिष्याजवळ पात्र नसेल तर गुरूने द्यावे. शिष्य आजारी पडला तर त्याचे अंथरूण, पाणी, दातवण गुरूने करावे. शिष्याने गुरूसाठी जे करावयाचे तेच गुरूने आजारी शिष्यासाठी करावयाचे, असे हे विधान आहे. त्यातील एक कलम तर आजच्या प्रत्येक शिस्त समितीने मुद्दाम वाचण्यासारखे आहे. संघ एखाद्या शिष्यावर दंडकर्म करू पाहत असेल, तर संघाने ते करू नये किंवा निदान सौम्य करावे यासाठी त्याच्या उपाध्यायाने खटपट करावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आरोपी शिष्याच्या बाजूने उभे राहणे हे गुरूचे विहित कर्तव्य होते. आम्ही अनेक वर्षे महाविद्यालयीन अध्यापनात आहोत. शिस्त समितीपुढे मुलाला उभे केले जाते तेव्हा त्याला वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकाला कोणी बोलावीत नाही, आणि तोही आपण होऊन जात नाही, हा सर्वत्र दिसणारा प्रकार आहे.

आता पणामना. शिष्य नीट वागत नसेल तर त्याला घालवून द्यावे, अशी अनुज्ञा महावग्गात आहे. गुरूविषयी विशेष स्नेह नाही, श्रद्धा नाही, लज्जा नाही, आदर नाही आणि त्याच्या ठायी चित्ताची वाढ नाही, अशी पाच अंगे तेथे दिली आहेत. लक्षात घ्यावे की ही कृत्यांची यादी नव्हे. शिष्याने अमुक मोडले, तमुक फोडले, यावर पणामना अवलंबून नाही; गुरुशिष्यांमधील नाते उरले आहे की नाही, हा तिचा निकष आहे. अशा शिष्याला जो घालवून देत नाही तो उपाध्याय दोषी ठरतो. पण नीट वागणाऱ्या शिष्याला जो घालवून देतो त्यालाही 'दुक्कट' ही आपत्ती लागते. गुरूच्या चुकीला येथे नाव आहे आणि प्रायश्चित्तही आहे.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. घालवून दिलेल्या शिष्यांनी क्षमा मागितली नाही, तेव्हा त्यांनी ती मागितलीच पाहिजे असा नियम झाला. मग शिष्य क्षमा मागू लागले, तर उपाध्याय क्षमा करीनात. क्षमा करावी अशी अनुज्ञा झाली, तरीही कित्येक ती करीनात. त्याचा परिणाम महावग्गाने आडपडदा न ठेवता नोंदविला आहे : शिष्य निघून गेले, काहींनी चीवर टाकले, काही अन्य तीर्थिकांच्या पंथांत जाऊन मिळाले. तेव्हा तथागतांनी ठरविले की, क्षमा मागणाऱ्याला जो क्षमा करणार नाही त्यालाच दुक्कट आपत्ती होय. संघाला माणसे गमवावी लागली आणि त्या अनुभवातून हा नियम जन्माला आला. क्षमा येथे गुरूच्या मनाचा मोठेपणा म्हणून येत नाही. तिच्या अभावी शिष्य हातचा जातो, म्हणून ती बंधनकारक होते.

गुरूने एकट्याने करावयाची पणामना सोडून, संघाने मिळून करावयाची दंडकर्मे चुल्लवग्गात येतात. तज्जनीय, निस्सय, पब्बाजनीय, पटिसारणीय व उक्खेपनीय अशी ती होत. पंडुक व लोहितक यांच्या भांडखोरपणावरून तज्जनीय कर्माचा नियम झाला. तेथे दंडकर्म अवैध केव्हा ठरते हे त्रिकांच्या रूपाने सांगितले आहे : आरोपी समोर नसताना केलेले, त्याला विचारणा न करता केलेले, त्याच्या कबुलीवाचून केलेले, दोष नसताना केलेले, आरोप न ठेवता, आठवण न देता केलेले, अपुऱ्या संघाने केलेले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव हे सारे भिक्खुसंघाला ज्ञात होते याची देशाला आठवण करून दिली. त्यांच्या डोळ्यांपुढे विनयातील हीच कार्यपद्धती होती, याविषयी आम्हांस शंका नाही.

आधुनिक न्यायालयाला हे तत्त्व विद्यार्थ्यांच्या बाबतीत स्वतंत्रपणे सांगावे लागले. उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचे म्हणणे न ऐकता रद्द केले होते. घनश्याम दास गुप्ता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अशी समिती न्यायिकवत् काम करते व विद्यार्थ्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे ठरविले. तरीही आमच्या विदर्भातच, वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले. पंतप्रधानांना सामूहिक पत्रे लिहिण्याचा व धरणे धरण्याचा तो प्रसंग होता आणि निवडणूक आचारसंहितेचे कारण पुढे करण्यात आले होते. काही दिवसांतच तो आदेश मागे घेताना विद्यापीठाला तांत्रिक त्रुटींचा व नैसर्गिक न्यायाचा उल्लेख करावा लागला. चुल्लवग्गाच्या पहिल्या त्रिकातच हे उत्तर होते.

हैदराबाद विद्यापीठातील प्रकरण वाचकांना सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहातून व सामायिक जागांतून बाहेर काढण्यात आले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांतील रोहित वेमुला यांनी प्राण दिला. येथे विनयाच्या अभ्यासकाने एक अवघड प्रश्न टाळता कामा नये. उक्खेपनीय कर्मातही भिक्खूचे संघासोबतचे सहभोजन व सहवास बंद होतात. मग हा बहिष्कारच नव्हे काय? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार सोसला त्याने हे विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर असे. उक्खेपनीय कर्म जन्मावर, कुळावर वा मतभेदाच्या उच्चारावर टेकलेले नाही. घडलेला दोष पाहण्यास नकार देणे, त्याचे परिमार्जन न करणे किंवा सांगूनही मिथ्या दृष्टी न सोडणे एवढ्यावरच ते होते. दोष मान्य करून भिक्खू नीट वागू लागला व त्याने विनंती केली की ते मागे घेण्याचा विधी तेथेच दिलेला आहे. शिवाय कोसंबीचा प्रसंग आहेच. एका भिक्खूला दोष न पाहण्याच्या कारणावरून उत्क्षिप्त केले गेले, त्याला ते अन्यायाचे वाटले आणि संघ दुभंगला. त्या वेळी तथागतांनी दंड करणाऱ्यांना आधी बजावले की, केवळ आपल्याला दोष दिसतो म्हणून कोणाला उत्क्षिप्त करू नये, फुटीचे गांभीर्य जोखावे. त्यानंतर दुसऱ्या पक्षालाही त्यांनी समजावले.

यावरून विनय मवाळ आहे असे कोणी समजू नये. चार पाराजिकांना परतीचा मार्ग नाही. ज्याचा छळ झाला त्याला बाजूला सारून संघाने परस्पर क्षमा करावी, असेही विनय म्हणत नाही. मच्छिकासंड येथील सुधम्म भिक्खूने चित्त गृहपतीला तिळाच्या पदार्थावरून टोमणा मारला. अट्ठकथेनुसार तो चित्ताच्या कुळाच्या धंद्यावरून केलेला अपमान होता. तथागतांनी सुधम्मावर पटिसारणीय कर्म करविले : ज्याचा अपमान केला त्या गृहस्थाकडेच जाऊन क्षमा मागावयाची. सुधम्म गेला, पण लाजेने बोलू न शकता परतला. तेव्हा त्याच्याबरोबर 'अनुदूत' म्हणून दुसरा भिक्खू देण्यात आला. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कारावास, दोषी विद्यार्थ्याला संस्थेतून काढणे व पाच वर्षे अन्य कोठेही प्रवेश न देणे, अशी त्याची तरतूद आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर तरुणीने वरिष्ठांच्या छळाला कंटाळून जीवन संपविल्याचा आरोप झाला, तेव्हा प्रश्न शिक्षेच्या अभावाचा नव्हता. तक्रार वेळेवर ऐकणारे कोणी होते काय, हा होता. जातीच्या अपमानाची शिक्षा कठोर असावीच. पण अपमानिताच्या दारापर्यंत अपराध्याला नेऊन उभे करणारा अनुदूत आमच्या कोणत्याही नियमावलीत नाही.

निस्सय कर्माची हकीकत या सर्वांत आम्हांस अधिक बोधक वाटते. सेय्यसक नावाचा भिक्खू अजाण होता, वारंवार दोष करी. त्याची शिक्षा अशी ठरली की त्याने पुन्हा आचार्याच्या आश्रयाने राहावे. तो राहिला, सत्संगतीत पाठ घेऊ लागला, प्रश्न विचारू लागला आणि बहुश्रुत झाला. मग त्याची शिक्षा उठविण्यात आली. अधिक शिक्षण हीच येथे शिक्षा आहे. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील गावातून एस.टी.ने महाविद्यालयात येणारा, घरातील पहिला पदवीचा विद्यार्थी एका सत्रासाठी निलंबित झाला, तर त्या सत्रात तो धानाच्या बांधीत किंवा मजुरीच्या शोधात नागपूरकडे जातो. पुढच्या सत्रात तो परत येतो की नाही हे पाहणारे कोणी नसते. शहरातील सुस्थित घरच्या मुलाला तेच निलंबन सुट्टीसारखे असते. एकाच कलमाचे हे दोन अर्थ कोणत्याही पानावर छापलेले नसतात.

मज्झिम निकायातील चातुम सुत्तात खुद्द तथागतांनी केलेली पणामना आहे. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्यासह पाचशे नवे भिक्खू चातुमा येथे आले आणि मासे ओढणाऱ्या कोळ्यांसारखा त्यांचा कोलाहल झाला. तथागतांनी सर्वांना घालवून दिले. तेव्हा चातुमेच्या शाक्यांनी व ब्रह्मा सहंपतीने रदबदली केली. दृष्टान्त दिला तो कोवळ्या रोपांचा, ज्यांना पाणी न मिळाल्यास ती बदलून जातात, आणि आईला न पाहणाऱ्या वासराचा. पऱ्हे लावल्यावर पाऊस लांबला म्हणजे काय होते, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तथागतांनी भिक्खूंना परत बोलाविले. परत आल्यावर त्यांनी सारिपुत्ताला विचारले की, भिक्खुसंघाला घालवून दिले तेव्हा तुझ्या मनात काय आले? सारिपुत्त म्हणाला, आता भगवान निवांत राहतील आणि आम्हीही निवांत राहू, असे वाटले. तथागतांनी त्याला थांबविले व असा विचार पुन्हा मनात आणू नये असे सांगितले. मग त्यांनी तोच प्रश्न मोग्गल्लानाला केला. भगवान निवांत राहतील, पण संघाला आता मी आणि सारिपुत्त सांभाळू, असे वाटले, हे त्याचे उत्तर होते. आणि ते तथागतांनी मान्य केले.