राणीच्या राज्यातलं पेण आणि आजीचं मीठ

परवा नातवाचा फोन आला. शाळेत प्रकल्प आहे म्हणे, 'राणी व्हिक्टोरियाच्या काळातील आपला परिसर'. "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना, मग सांगा की पेणचं!" झालं, जोह्याच्या ओटीवर बसल्या बसल्या आमचा तास सुरू!

म्हटलं, लिहून घे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेण इंग्रजांकडे गेलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. ती पेणला मात्र आली नाही. रोह्यापर्यंत रूळ पोचले ते थेट १९८६ साली! पेण वाढलं ते खाडीवर. भरतीबरोबर गलबतं अंतोऱ्याच्या बंदरात यायची आणि तांदूळ, मीठ भरून मुंबईला जायची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), कापसाच्या पैशाने मुंबई फुगली आणि तिची भूकही वाढली. पेणला नगरपालिका आली ती त्याच दशकात. १८६९ साली कुलाबा जिल्हा झाला. कचेरी आली, पोस्ट आलं, वकील आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख (जन्म १८९६) रोह्याच्या अशाच एका वकिलाच्या घरातले.

नातवाने सगळं उतरवून घेतलं आणि सहज विचारलं, "आणि तेव्हा आपलं जोहे काय करत होतं?"

मंडळी, मी गप्पच झालो. इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मी वर्गात कधी काढलाच नव्हता.

आपली माणसं खारेपाटात बांध घालत होती. शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रदाराची. त्यासाठी तो कुळाकडून जादा भात घ्यायचा. पण उधाणात बांध फुटला की चिखलात उतरायचं कुळानेच. काहीजण मिठागरावर राबत. १८८८ साली सरकारने मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. कर भरल्याशिवाय मीठ आगराबाहेर नेणं गुन्हा. म्हणजे ज्याने उन्हात मीठ पिकवलं, त्यानेच ते कर भरून विकत घ्यायचं!

माझी आजी मिठागरावरच्या घरातली. चुलीपाशी मिठाचा खडा सांडला की वाकून वाकून वेचायची. आम्ही पोरं हसायचो, "आजी, मीठ काय सोनं आहे का?" ती काही बोलायची नाही. तिच्या आईचा हात तिला लागला होता, हे मला सत्तरीत कळतंय. माझ्या वर्गातही मिठागरावरची मुलं असायची. त्यांच्याकडून मी राणीचा १८५८ चा जाहीरनामा पाठ करून घेतला. "तुझी आजी मिठाबद्दल काय सांगते?" असं एकदाही विचारलं नाही. ही चूक माझीच.

आज आमच्या जोह्यात, हमरापुरात घरोघरी गणपती घडतात आणि बाहेर ते 'पेणचे गणपती' म्हणून ओळखले जातात. नाव शहराचं, हात गावाचे. तेव्हाही तसंच होतं.

असो. नातवाला सांगितलं, प्रकल्पाचं शेवटचं पान आजीच्या मिठाचं ठेव. तुमच्याही घरात अशी कुणी वेचणारी आजी होती का? जरूर कळवा.