नकाशा बदलतो, तेव्हा नोटीस कुठे लागते?

शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या भूखंडाचा रंग बदलणे ही वरवर पाहता कारकुनी बाब वाटते. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा शेती वा मोकळ्या जागेचा, एवढेच सामान्य माणसाला ठाऊक असते. मात्र ज्याच्या प्लॉटवरून अठरा मीटरचा रस्ता आखला जातो किंवा ज्याच्या घरामागचे मैदान व्यापारी वापराकडे वळते, त्याच्यासाठी तो रंग आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न असतो. म्हणूनच असा बदल करण्यापूर्वी नागरिकांना कळवावे, त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी तजवीज कायद्यात आहे. ती पाळली जाते का, यापेक्षा ती नागरिकापर्यंत पोहोचते का, हा अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांपुढचा खरा प्रश्न आहे.

या साऱ्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. तो ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. आराखडा तयार करण्याचा इरादा महापालिका कलम २३ अन्वये जाहीर करते. त्यानंतर कलम २५ प्रमाणे जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा होतो आणि कलम २६ अन्वये प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. नागरिकाच्या दृष्टीने हाच क्षण महत्त्वाचा. राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकती व सूचना लेखी द्याव्या लागतात. मुदत राजपत्राच्या तारखेपासून मोजली जाते, आपण वर्तमानपत्रात वाचले त्या दिवसापासून नव्हे. शासकीय राजपत्राची अमरावती विभागीय पुरवणी घरी येणारा वाचक विरळाच. त्यामुळे कळेपर्यंत महिन्यातले काही दिवस गेलेले असतात.

प्रारूप म्हणजे कच्चे, तेव्हा अंतिम झाल्यावर पाहू, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो महाग पडतो. कलम ४६ नुसार बांधकाम परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो. म्हणजे आरक्षणाची सावली प्लॉटवर पहिल्याच दिवसापासून पडते.

नोटीस कोणत्या मार्गाने द्यावी, हेही कायद्यात सांगितले आहे. परिसरातील ठळक जागी ती चिकटविणे, दवंडी देणे, स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देणे, हे ते मार्ग. दवंडीचा उल्लेख आज गमतीचा वाटेल. परंतु गावच्या चौकात कोतवालाने ओरडून सांगितलेली गोष्ट निदान ज्याच्यासाठी होती त्याच्या कानावर पडत असे. आजच्या जाहिरातीचे तसे नाही. निविदा, नामनिर्देश आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या गर्दीत, बारीक टायपात, ‘मौजा अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक’ असा मजकूर येतो. तो वाचूनही आपल्या घराचा प्रश्न आहे हे बहुतेकांना उमगत नाही.

याचे एक कारण वऱ्हाडी शहरांच्या रचनेत आहे. जुन्या वस्तीतील मिळकत नझूल शीट आणि प्लॉट क्रमांकाने ओळखली जाते, बाहेरच्या भागात शेत सर्व्हे क्रमांक चालतो, आणि रहिवासी मात्र आपला पत्ता ले-आऊटच्या नावाने सांगतो. तीन भाषांचा हा मेळ घालून देणारा कोणी नसतो. कररसीद हातात घेऊन आराखड्यात घर शोधायला गेलेल्या माणसाला तिच्यावरच्या मालमत्ता क्रमांकाचा तेथे काहीच उपयोग होत नाही. नोटिशीत सर्व्हे क्रमांकासोबत प्रभाग, ले-आऊटचे प्रचलित नाव आणि जवळची ठळक खूण देण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. तरीही ते होत नाही, याला सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

अकोल्यात ही अडचण आणखी गुंतागुंतीची आहे. १ ऑक्टोबर २००१ रोजी येथे महापालिका झाली आणि २०१६ मध्ये मलकापूर, उमरी, शिवणी यांसारखी लगतची २४ गावे हद्दीत आली. हद्द वाढली की वाढीव क्षेत्रासाठी कलम ३४ प्रमाणे नियोजन करावे लागते. या भागांत पूर्वी ग्रामपंचायतीचा फलक हेच माहितीचे ठिकाण होते. ते गेले आणि महापालिकेचे मुख्यालय लांब राहिले. शिवाय शहराभोवती गुंठेवारी पद्धतीने पाडलेले असंख्य भूखंड आहेत. विकत घेणाऱ्याचे नाव सात-बाऱ्यावर चढलेले नसेल तर वैयक्तिक नोटीस जुन्या शेतमालकाच्या नावे निघते आणि घर बांधून राहणारा अंधारात राहतो. भाडेकरूचा तर या यादीत विचारच नाही.

वैयक्तिक नोटिशीचा मुद्दा प्रामुख्याने येतो तो कलम ३७ खालील फेरबदलात. मंजूर आराखड्यात किरकोळ स्वरूपाचा बदल करायचा झाल्यास महापालिका या कलमाचा अवलंब करते. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या या शहरांत जिनिंग-प्रेसिंगची जुनी मोठी आवारे आहेत. अशी औद्योगिक जागा रहिवासी वा व्यापारी वापरात आणायची असेल तर हाच रस्ता. राजपत्रातील सूचनेनंतर एक महिन्यात कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते. त्याशिवाय फेरबदलाने बाधित होणाऱ्या सर्वांना स्वतंत्र नोटीस देणे व त्यांना सुनावणी देणे बंधनकारक आहे. बाधित कोण? जागेचा मालक तर आहेच. पण मैदानाचे आरक्षण उठल्यास त्या मैदानावर खेळणारी मुले आणि समोर राहणारी कुटुंबे बाधित नाहीत काय? या शब्दाचा अर्थ जितका संकुचित घ्यावा तितकी नोटिशींची संख्या कमी, हे उघड आहे. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या अर्जाचा फलक त्या जागेवरच २१ दिवस लावण्याची अथवा शेजाऱ्यांना पत्राने कळविण्याची पद्धत आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तेथेच कळते, यात त्या फलकाचे सारे मोल आहे. आपल्याकडे ‘ठळक जागा’ म्हणजे बहुधा कार्यालयाचा सूचना फलक.

प्रारूप आराखड्यावरील सुनावणी कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी तिची रचना. ज्याने हरकत घेतली आणि प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची विनंती केली, त्याला वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे. येथे ‘विनंती केली’ हे शब्द मोलाचे आहेत. अनेक अर्जांत हरकत सविस्तर असते, पण सुनावणीची मागणी नसते. ती एका ओळीत स्पष्ट लिहावी. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. आराखड्याचा आपल्यापुरता साक्षांकित उतारा वाजवी किमतीत मिळतो, तो जोडल्यास नेमके बोलता येते. पत्ता व दूरध्वनी बदलल्यास कळवावे, कारण सुनावणीचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले की गैरहजेरीची नोंद होते.

२०२२ मध्ये मुदत संपल्यावर दोन्ही महापालिकांवर प्रशासक आले आणि निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. त्या काळात स्थायी समितीच नव्हती. ज्या नगरसेवकाकडे जाऊन ‘आमच्या गल्लीचे काय’ असे विचारता येते, तो दुवा जवळपास चार वर्षे तुटलेला होता.

हरकतींनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दोन मोठ्या शहरांचे उदाहरण पाहावे. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ मधील प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा त्यातील ढोबळ चुकांवर इतकी टीका झाल्याने एप्रिलमध्ये शासनाला माघारी घ्यावा लागला आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले. तेथे नकाशा वाचणाऱ्या संस्था, वास्तुविशारद आणि प्रसारमाध्यमे होती. अमरावतीत १९८३ मध्ये बडनेऱ्यासह महापालिका स्थापन झाली, विभागीय मुख्यालय असल्याने नगररचना विभागाची कार्यालयेही येथेच आहेत. तरीही प्रभागात बसून नकाशा समजावून सांगणारा माणूस दुर्मीळ. महिन्याच्या मुदतीत प्रत्येक झोन कार्यालयात संबंधित भागाचा मोठा नकाशा लावून सायंकाळी दोन तास एक कर्मचारी बसविला, तर त्याचा खर्च एका पानभर जाहिरातीपेक्षा कमीच येईल. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नेही अशी माहिती आपणहून, समजेल अशा रीतीने देण्याची अपेक्षा ठेवली आहे.

ज्यांची तीस दिवसांची मुदत निसटली त्यांच्यासाठी वाटा अरुंद आहेत. शासन मंजुरी देताना भरीव स्वरूपाचे बदल सुचविते, तेव्हा कलम ३१ खाली त्या वगळलेल्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागविल्या जातात; ती सूचना पाहत राहावी. तेही हुकले तर कलम १२७ उरते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस. म्हणजे एका महिन्यात जी हरकत घेता आली असती, तिच्यासाठी किमान बारा वर्षे थांबणे आले.