तंबोऱ्याचा शिक्षक : पंडित नारायण मोरेश्वर खरे आणि सुरत जिल्हा

सुरत आणि मराठी माणूस यांचा संबंध शालेय इतिहासात १६६४ आणि १६७० या दोन सालांनी येतो आणि बहुधा तेथेच संपतो. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु याच जिल्ह्याच्या वाटांवरून विसाव्या शतकात एक मराठी माणूस हाती तंबोरा घेऊन चालत गेला आणि पुढे याच जिल्ह्यातील एका खेड्यात त्याने देह ठेवला, याची आठवण आपल्या शाळांतून क्वचितच होते. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचे नाव. ते मैफलीचे गवई म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून जगले. म्हणूनच शाळेच्या व्याख्यानमालेत त्यांचा विचार होणे मला उचित वाटते.

पंडितजींची घडण समजण्यासाठी त्यांच्या गुरूंकडे वळावे लागते. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. ती तालीम जुन्या पद्धतीची होती. गुरूची सेवा करावी, त्यांची मर्जी सांभाळावी आणि मिळेल ते कानांनी टिपावे. या पद्धतीने थोर गवई निर्माण झाले हे खरे. पण विद्या थोड्या घरांत कोंडली गेली आणि गवयाला समाजात मान उरला नाही, हेही तितकेच खरे. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, ती ही कोंडी फोडण्यासाठी. गुजरातेत असा प्रयत्न त्यापूर्वी झाला नव्हता असे मात्र नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली गायक व बीनवादक मौलाबक्ष यांनी १८८६ साली बडोद्यास गायनशाळा चालू केली होती, आणि स्वरलेखनाचे पुस्तकही हाती दिले होते. तथापि बडोद्याच्या शाळेला राजाश्रय होता. लाहोरची शाळा लोकवर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर उभी राहिली.

या विद्यालयाचे एक अंग फारसे सांगितले जात नाही. तेथे काही विद्यार्थी उपदेशक होण्यासाठी विद्यालयातच राहून अनेक वर्षे शिकत आणि शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवीत. गायन हा मुख्य विषय. पण तबला, पेटी, सतार यांसारख्या वाद्यांचीही ओळख त्यांना करून घ्यावी लागे. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, वाद्ये तयार व दुरुस्त करण्याची सोय होती. यामागील कारण अगदी व्यवहारातले आहे. परक्या गावी एकटा जाऊन वर्ग उघडणाऱ्या शिक्षकाजवळ साथीला तबलजी कोठून असणार? तंबोऱ्याची तार तुटली तर ती त्यानेच चढवायची, जवारी त्यानेच लावायची, विद्यार्थ्याला ठेका त्यानेच धरून द्यायचा. आज 'अनेक वाद्ये येणारा शिक्षक' म्हटले की आपण कौतुकाने पाहतो. त्या पिढीत ती कौतुकाची बाब नव्हती, धंद्याची गरज होती. अर्थात यातून प्रत्येक वाद्याचा निष्णात वादक तयार झाला असे कोणी म्हणू नये. पण कोणते वाद्य कोणत्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, एवढी जाण त्यातून येई. आणि शिक्षकाला तीच अधिक उपयोगी.

खरे याच शाळेतून तयार झाले आणि १९१८ च्या सुमारास गांधीजींच्या साबरमती आश्रमात दाखल झाले. काका कालेलकर, विनोबा ही मराठी मंडळी तेथे होतीच. गांधीजींना संगीताचे अंग नव्हते, अशी एक समजूत आहे. त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिले आहे की, लंडनला असताना साहेबी शिष्टाचार अंगी यावा म्हणून त्यांनी तीन पौंडांचे व्हायोलिन विकत घेतले होते आणि थोड्याच दिवसांत तो नाद सोडून दिला. पुढे मात्र सामुदायिक गायनाला त्यांनी शिक्षणात महत्त्वाचे स्थान दिले. आश्रमात ते काम पंडितजींकडे आले.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हते. पहाटेच्या काळोखात प्रार्थनेला बसणाऱ्यांत लहान मुले होती, वृद्ध होते, गुजराती, मराठी, हिंदी, तमिळ अशा निरनिराळ्या भाषांचे लोक होते, आणि त्यांतील बहुतेकांनी कधी स्वर लावलेला नव्हता. घराण्याचा गवई अशा जमावापुढे हतबल झाला असता. पंडितजींची रीत त्यांनी संकलित केलेल्या 'आश्रम भजनावली'त दिसते. तिच्यात संस्कृत श्लोकांबरोबर हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली पदे आहेत, आणि पदांच्या माथ्यावर राग व ताल दिलेले आहेत. या लहानशा नोंदीत मला त्यांची सारी अध्यापनदृष्टी दिसते. भजन म्हणणाऱ्याला राग ठाऊक असण्याची गरज नाही. पण तो रागातच गातो आहे, हे त्याला कळावे. आधी चाल गळ्यात बसवायची, नाव मागाहून सांगायचे. संगीताच्या क्रमिक पुस्तकांत आपण नेमके उलटे करतो. आरोह-अवरोह पाठ करून घेतो आणि गाणे राहून जाते.

१९३० चा आरंभ पंडितजींना फार कठीण गेला. आश्रमात देवीची साथ आली, मुले दगावली, आणि त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगाही गेला. तरीही १२ मार्चला दांडीयात्रा निघाली तेव्हा तंबोरा घेऊन ते तुकडीत होते. निघताना नरसी मेहतांचे भजन त्यांनीच गायिले. उमराछी, भटगाम, देलाड अशी सुरत जिल्ह्यातील गावे घेत १ एप्रिलला यात्रा सुरत शहरात पोहोचली. पुढे डिंडोली, वांझ, नवसारी करून ५ एप्रिलला दांडी. दांडी आज नवसारी जिल्ह्यात असली तरी त्या वेळी ती सुरत जिल्ह्यात मोडत होती. भटगाम येथे २९ मार्चला गांधीजींनी आपल्याच साथीदारांची कडक हजेरी घेतली. डोक्यावर किटसनची बत्ती घेऊन मजुराला चालावयास लावणे त्यांना सहन झाले नाही. तंबोऱ्याचे ओझे मात्र तो वाजविणाराच वाहत होता. गावोगावच्या मुक्कामी सकाळ-संध्याकाळ जी प्रार्थना होई, तिच्यात एरवी शास्त्रीय संगीताचा स्वर ज्यांच्या कानी पडला नसता, असे कितीतरी ग्रामस्थ सामील झाले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. भजन आणि समूहगान यांच्या पायी राग सोपा झाला, कलेची खोली गेली, असे जाणकार म्हणत आले. विष्णु दिगंबरांच्या विद्यालयालाही हेच ऐकावे लागले. तानसेन नव्हे, नुसते कानसेन निघतील, असा तो टोला. माझ्या मते आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. ज्या परंपरेतून खरे आले, त्याच परंपरेतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे गवईही आले. श्रोता तयार करणाऱ्या शाळेने गवयाची वाट अडविली, असे दिसत नाही.

१९३१ साली विष्णु दिगंबर निवर्तले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादेस जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. ठिकठिकाणी विखुरलेल्या शिक्षकांना एक अभ्यासक्रम व एक परीक्षा मिळाली.

१९३८ च्या फेब्रुवारीत बारडोली तालुक्यातील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते; नंदलाल बोस यांची चित्रे विठ्ठलनगरात लागणार होती. संगीताची तयारी करण्यासाठी पंडितजी आधीच तेथे गेले होते. ६ फेब्रुवारीला हरिपुऱ्यासच त्यांचा अंत झाला. पुढे दोन आठवड्यांच्या आत अधिवेशन भरले आणि त्यात राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव संमत झाला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हातउद्योग ही त्याची सूत्रे होती. त्यापूर्वी थोडेच दिवस झाकिर हुसेन समितीने या नव्या शिक्षणाचा जो अभ्यासक्रम आखला होता, त्यात संगीत हा विषय होता.