बार, ठासणी आणि काडतूस

प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेल्या कोल्हारात एखाद्या घरचे कार्य पार पडले म्हणजे ‘लग्नाचा बार उडवून दिला’ असे म्हणतात. गाजावाजा फार झाला आणि हाती काहीच लागले नाही, तर तो ‘फुसका बार’ ठरतो. मराठी मुलखात इतरत्रही हेच ऐकू येते. असे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बंदूक कधी हाती धरलेली नसते. तथापि स्वतःची बंदूक स्वतः भरण्याची एक लुप्तप्राय विद्या या प्रयोगांत टिकून राहिली आहे. नळीत भरलेल्या ऐवजालाही ‘बार’ म्हणतात आणि त्याच्या स्फोटालाही. भरणी आणि परिणाम यांना भाषेने एकच नाव द्यावे, ही गोष्ट सहज घडलेली नाही. बार फुसका निघाला, तर दोष भरणाऱ्याकडे जातो.

दूर पल्ल्याची नेमबाजी करणारे अनेक पाश्चात्त्य नेमबाज आपली काडतुसे आजही स्वतः भरतात. या कलेचा मराठी प्रदेशातील पूर्वेतिहास शब्दांच्या साह्याने शोधावा, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. माझे म्हणणे एवढेच, की हा इतिहास मुख्यतः शस्त्राचा नसून मापाचा आहे. दारूचे माप कोणी ठरवावयाचे, हा त्यातील खरा प्रश्न होय.

प्रथम शब्द पाहू. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’पासून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ एक कठीण कवचाचे फळ, आणि त्यावरून गोळी. म्हणजे शस्त्राला नाव मिळाले ते त्यात भरावयाच्या वस्तूवरून. फारसी ‘दारू’चा अर्थ औषध. कानडी ‘मद्दु’, तेलुगू ‘मंदु’ आणि तमिळ ‘मरुंदु’ हे शब्दही औषध व स्फोटक चूर्ण अशा दोन्ही अर्थांनी वापरले जातात. चिनी भाषेतील नावाचा अर्थ तर ‘अग्नि-औषध’ असाच आहे. औषध म्हटले की मात्रा आली. सोरा, गंधक व कोळसा यांचे हे मिश्रण योग्य मात्रेत कार्य साधते, मात्रा चुकली तर घात करते. ही जाणीव या नामकरणाच्या मुळाशी असावी.

तोड्याच्या बंदुकीच्या काळात ही मात्रा प्रत्येक बंदूकधाऱ्याच्या हाती होती. दारू मापून नळीत ओतणे, गोळी घालून गजाने ठासणे, कानाशी रंजक घालणे आणि मग तोड्याने बत्ती देणे, हा क्रम तो स्वतः पाळी. हाताने घडविलेल्या दोन बंदुकांची नळी सारखी नसे. म्हणून गोळीही त्या त्या नळीच्या बेताने ओतावी लागे. तोफखान्यातही प्रसंगावधान भरणाऱ्याचेच असे. कोल्हारहून त्याच रस्त्याने दक्षिणेस गेले की लागणारे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे निजामशाहीच्या काळात तोफा ओतण्याचे मोठे केंद्र होते. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये येथेच ओतली गेली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याचा प्रमुख रूमीखान याने शत्रू अगदी जवळ येताच तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या, असे फरिश्ता सांगतो. पल्ला पाहून भरणी बदलण्याचे हे उदाहरण होय.

दारूच्या गुणाविषयीची दक्षता रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आढळते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला ओल लागू नये, आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून उन्हे द्यावी आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असा तेथील आदेशाचा आशय आहे. सर्द दारूचा बार एकसारखा होत नाही, हे अनुभवाचे ज्ञान त्यामागे उघड दिसते.

‘काडतूस’ या शब्दाने या व्यवस्थेत पालट झाला. पोर्तुगीज ‘कार्तुशु’ हे त्याचे मूळ. ‘र’च्या जागी ‘ड’ येण्यात ‘काडी’ या शब्दाचा संस्कार असावा, असे मला वाटते. कागदाच्या पुडीत मापलेली दारू व गोळी आयती मिळू लागली. महादजी शिंद्यांनी द बॉइनकरवी उभ्या केलेल्या कवायती पलटणींना अशीच काडतुसे लागत, कारण कवायतीत एकेकट्याच्या अचूकपणापेक्षा सर्वांच्या एका वेगाला महत्त्व असते. नगरचा किल्ला १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे आला आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेल्स्लीने घेतला. त्या युद्धात दोन्ही बाजूंची कवायती पायदळे काडतुसांनीच लढली.

१८५७ च्या एन्फील्ड काडतुसांच्या प्रकरणाकडेही या दृष्टीने पाहता येईल. दुसऱ्याने भरलेल्या पुडीला कोणती चरबी लावली आहे, हा शिपायांचा प्रश्न होता. सरकारने त्यांना स्वतः वंगण लावण्याची आणि पुडी दातांऐवजी हाताने फाडण्याची मुभा दिली. परंतु तोवर विश्वास उडाला होता. पुढे १८६९ मध्ये खडकीचा दारूगोळा कारखाना निघाला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने प्रजेच्या हातची शस्त्रे परवान्याखाली आली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई केली आहे. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बंधने समजण्यासारखी आहेत. परंतु त्यांच्याबरोबर मापाचे ज्ञान समाजाच्या हातून गेले, याचीही नोंद घेतली पाहिजे.

पाश्चात्त्य नेमबाजांनी ते ज्ञान पुन्हा हाती घेतले, त्यास कारण आहे. हजार वारांच्या पल्ल्यावर गोळीच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तरी ती वीतभर खाली किंवा वर लागते. म्हणून असा नेमबाज दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतो. आपल्या सोनाराच्या परिमाणात सांगावयाचे, तर १८० ग्रेनचा एक तोळा व ९६ गुंजांचा तोळा. म्हणजे ही अचूकता गुंजेच्या सुमारे एकोणिसाव्या हिश्श्याची झाली. तथापि तेथेही मतभेद आहेच. इंग्लंडमधील बिझली येथील मुख्य रायफल स्पर्धांत सर्वांना एकच काडतूस वाटण्याची परंपरा आहे, तर अन्य काही प्रकारांत स्वतः भरलेले चालते. पहिल्या पक्षाच्या मते नेमबाजी नजरेची व हाताची. दुसऱ्याच्या मते भरणी हाही नेमाचाच भाग. आपल्या जुन्या ‘बार’ शब्दाचा कौल दुसऱ्या बाजूला पडतो.

आजचे मराठी नेमबाज मात्र पहिल्या पक्षात आहेत, आणि तेही निरुपायाने. २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे यांचे यश पन्नास मीटरच्या रायफल प्रकारांतील आहे. त्यातील लहान काडतुसाचे प्रज्वलक द्रव्य त्याच्या कडेतच भरलेले असते; एकदा घाव पडला की ते निकामी होते, घरी पुन्हा भरता येत नाही. म्हणून या प्रकारात नेमबाज कारखान्याचे निरनिराळे घाण झाडून पाहतात आणि आपल्या नळीला मानवेल तो निवडतात. माप कारखान्याचे, निवड तेवढी आपली.

हाताने भरण्याचा उल्लेख करणारा एक शब्द मराठीत अद्याप जिवंत आहे. तो म्हणजे ‘ठासणीची बंदूक’. पिकांच्या राखणीसाठी परवाना घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या व पोलिसांच्या बोलण्यात तो आजही येतो. आधुनिक काडतूस स्वतः भरण्याच्या क्रियेला मात्र मराठीत रूढ नाव नाही. ‘हातभरणी’ हा शब्द मी सुचवितो. क्रियाच नसताना नावाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच, की बंदूक न पाहिलेला कोल्हारचा माणूस फुसक्या बाराला अजून हसतो. मापाचे भान भाषेने अद्याप सोडलेले नाही.