जराहरणाचीं दोन रसायनें

च्यवनाची कथा ऐकत वाढलेल्या आपणांस जराहरणाच्या वार्तेचें नवल नाहीं. द्राक्षांच्या सालींतील रेस्व्हेराट्रॉल हें द्रव्य किण्वाचें आयुष्य वाढवितें, असें 2003 सालीं प्रसिद्ध झालें, आणि केवढा गाजावाजा! 2008 सालीं ग्लॅक्सोस्मिथक्लाइननें त्यापायीं सर्ट्रिस ही लहानशी कंपनी सुमारें 72 कोटी डॉलरांस घेतली.

रॅपामायसीनचें दैव निराळें. 1964–65 च्या कॅनडियन मोहिमेनें ईस्टर बेटावरून आणलेल्या मातींतून तें मॉन्ट्रियल येथें सुरेंद्रनाथ सेहगल प्रभृतींनीं वेगळें केलें. पुढें तेथील प्रयोगशाळा मिटली, तेव्हां सेहगलांनीं तें घरच्या शीतपेटींत जपून ठेविलें. आम्हांस या साऱ्या इतिहासांत ही शीतपेटीच मोलाची वाटते! 1999 सालीं मूत्रपिंडरोपणासाठीं त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली.

कसोटी उंदरांवर लागली. 2009 सालीं तीन अमेरिकी प्रयोगशाळांनीं 600 दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्याच, उंदरांस रॅपामायसीन दिलें; त्यांची आयुर्मर्यादा माद्यांत शेंकडा 14 नें व नरांत 9 नें वाढली. त्याच प्रयोगशाळांच्या परीक्षांत साध्या आहारावरील उंदरांस रेस्व्हेराट्रॉलनें कांहींच दिलें नाहीं. मात्र रॅपामायसीन रोगप्रतिकारशक्ति दडपतें, आणि निरोगी माणसाचें आयुष्य त्यानें वाढतें यास अद्याप पुरावा नाहीं. सेहगल 2003 सालींच वारले. उंदरांची वार्ता त्यांच्या कानीं पडली नाहीं.