मान टाकलेल्या रोपाचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. आजचा विषय मात्र खिडकीतल्या कुंडीचा आहे. घरातलं पीस लिली किंवा मनी प्लांट एखाद्या दिवशी पानं खाली सोडतं. आपण म्हणतो, झाडानं मान टाकली, आणि लगेच तांब्याभर पाणी ओततो. कधी ते संध्याकाळपर्यंत उभं राहतं, कधी त्याच पाण्यानं आठवडाभरात मरतं. असं का होतं, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. त्या कथेचा एक धागा आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यातून जातो.

डहाणू तालुक्यात आगर नावाचं गाव आहे. आधी या शब्दाकडेच पाहू. किनाऱ्यावरच्या मराठीत आगर म्हणजे मिठागर, आणि आगर म्हणजे नारळ-पोफळीची बागही. एकात गवताची काडी उगवत नाही, दुसऱ्यात ऊन जमिनीला लागत नाही. पण दोन्हीकडे कसब एकच लागतं: पाणी कधी आत घ्यायचं, किती वेळ थांबवायचं आणि कधी सोडून द्यायचं. आजचं व्याख्यान या शेवटच्या, पाणी सोडून देण्याच्या कसबाबद्दल आहे.

आता जरा दूर, इंग्लंडात जाऊ. स्टीफन हेल्स नावाचा एक पाद्री होता. त्यानं सूर्यफुलाचं रोप कुंडीत वाढवलं, कुंडीचं तोंड बंद केलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिचं वजन केलं. वजन घटत होतं, म्हणजे पानांवाटे पाणी हवेत जात होतं. १७२७ साली हे प्रयोग त्यानं ग्रंथात मांडले. मुळं पाणी वर चढवतात, पानं ते सोडतात. जाणारं पाणी येणाऱ्यापेक्षा जास्त झालं की पेशी सैलावतात आणि पान लोंबतं. मान टाकणं म्हणजे हा जमाखर्चातला तोटा.

त्या काळी उष्ण प्रदेशातली रोपं जहाजानं युरोपात नेली जात. समुद्राचं खारं वारं, गोड्या पाण्याची टंचाई आणि महिनोन्‌महिन्यांचा प्रवास यांमुळे बहुतेक रोपं वाटेतच मरत. १८२९ मध्ये लंडनचा डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवून बसला होता. पतंग राहिला बाजूला, बाटलीतल्या ओल्या मातीत नेचं उगवलं. वॉर्डच्या लक्षात आलं, की बंद काचेत ओल फिरत राहते, बाहेर जात नाही. १८३३ साली त्यानं काचेच्या दोन पेट्यांतून रोपं सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. पानांचा खर्च कमी केला की रोप तगतं, हा धडा इथे मिळाला. व्हिक्टोरियन दिवाणखान्यात उष्ण प्रदेशातली झाडं शोभेला आली, त्यातही या पेट्यांचा मोठा वाटा होता.

जमेची बाजू, म्हणजे मुळं, समजायला आता घोलवडला येऊ. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. फळबागांवरच्या पुस्तकांत या पट्ट्यातल्या चिकूची सुरुवात १८९८ सालची, घोलवडची सांगतात. पुढे इराणी-पारशी बागायतदारांनी इथे मोठ्या वाड्या उभ्या केल्या. २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. या परक्या झाडाचं कलम आपण बांधतो खिरणीवर. वरची फांदी चिकूची आणि खालची मुळं इथल्या मातीत मुरलेल्या खिरणीची! आपले कलम करणारे पानांइतकाच मुळांचा विचार करत होते, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

नवं कलम किंवा नवी गुटी मान टाकते तेव्हा जाणता माणूस काय करतो, तेही पाहा. तो रोप सावलीत नेतो, थोडी पानं छाटतो, खत देत नाही, आणि पाणी घालण्याआधी मातीत बोट घालतो. हेल्स आणि वॉर्ड यांनी शोधलं तेच हे, फक्त ग्रंथाशिवाय. या पट्ट्यातल्या बागांत, शेतांत आणि गवताच्या कुरणांत राबणारे हात मुख्यतः वारली आणि इतर आदिवासींचे. १९४५ साली याच माणसांनी किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी परुळेकरांच्या साथीनं, वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्या लढ्याची नोंद झाली. त्याच हातांना असलेल्या माती-पाण्याच्या समजेची मात्र कुणी वही ठेवली नाही. वॉर्डचं नाव पेटीला मिळालं, इथल्यांचं नाव कलमाला मिळालं नाही.

तरी त्या समजेचा एक शब्द मराठीत टिकून आहे: वाफसा. पाऊस पडून गेला, जादा पाणी निथळलं, ओल उरली आणि मातीच्या कणांमध्ये हवाही शिरली, की शेतकरी म्हणतो वाफसा आला. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीत पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, कुजतात आणि पाणी ओढेनाशी होतात. म्हणजे माती चिंब असूनही रोप तहानेनं मान टाकतं. कोरड्या कुंडीतलं रोप आणि चिखलातलं रोप दिसायला सारखंच. फसगत होते ती इथे.

तेव्हा पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधी दोन पेरं बोट मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा आणि मग नीट निथळू द्या. रोप बहुधा त्याच दिवशी उभं राहील. ओलं लागलं तर पाणी बंद. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर रोप हलक्या हातानं बाहेर काढा. पांढरी, घट्ट मुळं जिवंत असतात. तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारी मुळं कापून टाका. रेती आणि नारळाचा भुसा मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, तळाला भोक असलेल्या कुंडीत ते पुन्हा लावा. काही पानं कमी करा, उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागी ठेवा, आणि नवं पान फुटेपर्यंत खताचं नाव काढू नका. याला आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, पानांचा खर्च कमी होतो आणि कुंडी लवकर वाळत नाही. बहुतेक कुंड्या याच दिवसांत, उन्हाळ्याच्या सवयीनं पाणी घालून बुडवल्या जातात. दुपारी लोंबलेली पानं संध्याकाळी आपोआप उभी राहत असतील तर काहीच करू नका.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक काम तुमच्यावर सोपवतो. तुमच्या घरात किंवा शेजारी कलमं बांधणारी, वाडीत राबलेली म्हातारी माणसं असतील, तर पुढच्या वेळी रोपानं मान टाकली की त्यांना विचारा. आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवा.